लाली ओसरेपर्यंत

माझ्या बापाचं तोंड तुम्ही हुंगलं नाहीत, डॉक्टर. ते काम तुम्ही माझ्या आईला लावून दिलंत. टेबलापलीकडून नुसतं बघितलंत, नाकावरची लाली बघितलीत, गालांवरच्या पुळ्या बघितल्यात, सुजलेल्या पापण्या बघितल्यात आणि त्यांच्याशी एक अक्षर न बोलता आईकडे वळून म्हणालात, "बाई, यांची बाटली सोडवा, चेहरा आपोआप सुधारेल." बाबा म्हणाले, मी घेत नाही. तुम्ही हसलात. सगळे असंच म्हणतात, असं म्हणालात आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबलीत. मी तिथेच होते, आईच्या मांडीला टेकून, तुमच्या टेबलाच्या कडेवर हनुवटी येईल एवढी. टेबलाच्या काचेखाली बोटींची चित्रं लावलेली होती, त्यातली शिडाची मला आवडली होती. तुम्हाला यातलं काहीही आठवणार नाही. त्या दिवशी तुमच्या बाकावर बाहेर बरीच माणसं होती, आणि तुमचा हात झटपट चालायचा अशी तुमची ख्याती होती.

हे आत्ताच का वर आलं ते सांगते. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. नंबर काढणारा आतल्या अंधाऱ्या खोलीत बसतो. माझं काम बाहेरचं, फ्रेम नाकावर नीट बसवायची, दांड्या गरम करून वाकवायच्या, कानामागे टोचतंय का ते विचारायचं. म्हणजे दिवसभर माझं तोंड दुसऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा नाही तोवर ठीक असतं, त्यांना मी म्हणजे एक गुलाबीसर धुकं. मागे एका दुपारी एक आजी आल्या. नंबर जाड, आणि इतकी वर्षं कुणाचातरी जुना चष्मा लावून ढकललेली. मी नवा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, दांड्या सारख्या केल्या आणि म्हटलं, आता बघा. त्यांनी डोळे उघडले आणि नव्या डोळ्यांनी पहिली वस्तू बघितली ती माझा चेहरा. "अगं बाई, भाजलं का गं तुला?" मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, गालाला हातही लावला मायेने. शेजारच्या खुर्चीतलं जोडपं वळून बघायला लागलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि तसं झालं की काय होतं ते माझ्या गालांना चांगलं ठाऊक आहे. मानेपासून वर गरम लोट चढत गेला, कानांच्या पाळ्या धगधगायला लागल्या. आमच्या दुकानात जिकडेतिकडे आरसे. लपायला म्हणून मी वळले तर समोर आरसा, आणि आरशात बाबा. नाकपुड्यांच्या कडेला तीच बारीक लाल दोऱ्यांची जाळी, नाकाच्या शेंड्याला तीच फुगीर चमक. नुसती मिशी तेवढी नव्हती.

बाबा कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर होते. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे झगे, ढिगांनी. यंत्राचं वरचं तोंड खाली आलं की फस्सकन वाफ सुटायची आणि ती सरळ माणसाच्या तोंडावर यायची. पाळी संपेपर्यंत त्यांचा चेहरा कापलेल्या बिटासारखा व्हायचा. सोबतची माणसं त्यांना सिग्नल म्हणायची. सिग्नल पडला, थांबा रे सगळे. बाबाही हसायचे, हसण्यासारखंच होतं ते. तुमच्याकडे जाऊन आल्यावर मात्र आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. बाबांनी बेल वाजवली की आई दार उघडायची पण वाटेतून हलायची नाही. टाचा उंचावून नाक त्यांच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, हा करा. बाबा हा करायचे. मग टॉवेल मिळायचा. बराच काळ मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील दारात हा करतात. मैत्रिणीकडे खेळत असताना तिचे वडील कामावरून आले आणि सरळ आत निघाले, तेव्हा मीच त्यांना आठवण केली की काका, तुम्ही हा नाही केलात. त्या बिचाऱ्यांना वाटलं पोरीला डॉक्टर-डॉक्टर खेळायचंय, त्यांनी खाली बसून मला घसा दाखवला.

बाबांच्या तोंडाला खळीचा वास यायचा, साबणाचा, उकळलेल्या कापडाचा. दारूचा वास आईला कधीही आला नाही. हे ती आजही सांगते, तेव्हाही मान्य करायची. पण तुम्ही सांगितलं होतं ना. शिकलेला माणूस टेबलापलीकडून बोलला होता. म्हणून वास येत नाही याचा अर्थ आईने असा लावला की हा माणूस मुरलेला आहे, काहीतरी युक्ती करून येतो. दाढ ठणकते म्हणून बाबांनी दाढेत लवंग धरली तो दिवस मला लख्ख आठवतो. आई म्हणाली, "आज सापडलात." बाबांनी दाढ दाखवली, गाल सुजला होता तो दाखवला. आई बघायला तयार नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांच्या विरोधात जायची, ती म्हणजे वेळ. पाळी सुटायची तेव्हा बाहेर चांगलं ऊन असायचं, कारखाना हाकेच्या अंतरावर, आणि बाबा यायचे दिवे लागल्यावर. कुठे होतात? बसलो होतो. कुठे? असाच. पुष्कळदा एका गालावर चुना लागलेला असायचा. कुठे पडला होतात, आई विचारायची. बाबा गाल पुसायचे आणि जेवायला बसायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं, कारण नाही म्हटलं की तेच घेत असल्याचं लक्षण ठरायचं. तुम्हीच तसं ठरवून दिलं होतंत. बाबा गेले ते यंत्रासमोर उभ्याउभ्या, छातीत कळ येऊन. शेजारच्या काकू आईला जवळ घेऊन म्हणाल्या, सुटलीस गं बाई. आईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

तर आरशात बाबा दिसल्यावर मी त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. पोरसवदा मुलगी होती, माझ्याहून कितीतरी लहान. तिने भिंग लावून बघितलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का विचारलं, उन्हात गेलं की, गरम चहा घेतला की, कुणी चारचौघांत बोललं की चेहरा पेटतो का विचारलं. सगळ्याला हो. म्हणाली, याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना राग फार लवकर येतो असं समजा, जरा काही झालं की त्या फुगतात, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं की फुगलेल्याच राहतात. समूळ जात नाही, ताब्यात राहतं. तिने दोन मलमं दिली, जोडीने लावायची. एक रात्री, पुळ्यांसाठी. दुसरं सकाळी अगदी पातळ, लालीसाठी. घरात आणखी कुणाला आहे का? मी म्हटलं, दादाला आहे. पाठवा त्यांना, ती म्हणाली.

दादा शाळेची बस चालवतो. तो गेला, त्याच खुर्चीत बसला, तेच नाक तिच्यासमोर धरलं. आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो, रोज किती घेता? दादा म्हणाला, घेत नाही. ती हसली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. पण उठताना तिने पुन्हा विचारलं, मोकळेपणाने सांगा, लपवू नका. दादाच्या पुळ्या जास्त आणि खोल होत्या म्हणून त्याला पोटात घ्यायची कॅप्सूल दिली. दादाने मला हे सगळं फोनवर सांगितलं, हसत हसत, कारण त्याला याची सवय आहे. शाळेतल्या एका पालकाने त्याला एकदा सुट्टीच्या दिवशी प्यायला येता का म्हणून प्रेमाने बोलावलं होतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या खेपेला मी त्या मुलीला विचारलं, माझंही नाक हेच आहे, मग मला का नाही विचारलंत रोज किती घेता म्हणून? ती लाल झाली. साधीसुधी लाली, आली आणि गेली, मला हेवा वाटला. म्हणाली, चुकलं माझं. दारूने हा रोग होत नाही, असलेला भडकू शकतो, तसा तो उन्हानेही भडकतो. आयुष्यात थेंब न घेतलेल्यांना होतो. मग म्हणाली, पूर्वीपासून लोकांचा हा गैरसमज आहे, खरं तर जुन्या पाठ्यपुस्तकांतही हा रोग फोटोसकट दिलेला आहे. मी विचारलं, किती जुन्या? ती म्हणाली, माझ्या सरांच्या सरांनी वाचलेल्या. तुम्ही त्या वयाचे आहात, डॉक्टर. मी ते वाक्य घेऊन घरी आले.

रविवारी आम्ही दोघं आईकडे जमायचो आणि बेसिनवरच्या आरशात तोंडाशेजारी तोंड धरून बघायचो, कुणाचं औषध पुढे आहे. म्हातारपणाकडे झुकलेली दोन भावंडं, पण भांडण शाळकरी. दादाची कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळतं. ऊन जास्त चावतं. बसच्या खिडकीकडचा त्याचा गाल दुसऱ्या गालाहून वेगळा दिसायला लागला. पण पुळ्या बसल्या, खरोखर बसल्या, काही आठवड्यांत कातडी हाताला गुळगुळीत लागायला लागली. लाली मात्र जिथल्या तिथे. माझं उलटं. सकाळचं मलम लावलं की दुकान उघडेपर्यंत माझा चेहरा पांढरा पडायचा, भिंतीला रंग देण्याआधी पुट्टी लावतात तसा. आरशात बघून मला धसका बसायचा, ही कोण बाई आली आहे. आणि संध्याकाळ झाली की औषधाचा जोर उतरायचा आणि लाली दुप्पट होऊन परत यायची, दिवसभर डांबून ठेवल्याचा राग काढल्यासारखी. रात्रीचं मलम आपल्या गतीने काम करत होतं, त्याची घाई नव्हती. दादा म्हणायचा, तू सकाळची राणी, संध्याकाळची सिग्नल. मी म्हणायचे, तू गुळगुळीत सिग्नल. त्या डॉक्टर मुलीला विचारलं की दोन्हींत सरस काय, तर ती म्हणाली की अशी तुलना करणारे अभ्यास झाले आहेत पण त्यावरून सगळ्यांसाठी एकच निकाल देता येत नाही. पुळ्या जास्त त्याला कॅप्सूल, लाली जास्त तिला मलम, काहींना दोन्ही मिळून. पुढे तिने दादाला कॅप्सूलच्या जोडीला माझं रात्रीचं मलम दिलं आणि माझं सकाळचं रोज न लावता गरजेपुरतंच लावायला सांगितलं. एवढं सरळ आहे हे, डॉक्टर. दोन ट्यूब आणि एक कॅप्सूल. यात कुणाच्या घरात भांडण लागायचं कारण नाही.

आई हे सगळं बघत होती. आरशासमोर आमची दोघांची तोंडं, ट्यूबा, पाण्याचे पेले. मग एका रविवारी दादा शाळेच्या सहलीची बस पोहोचवून तसाच उन्हातून आला, चेहरा पेटलेला. बेल वाजली. मी आतल्या खोलीत होते, मला दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग पावलं आत आलीच नाहीत. मी डोकावून बघितलं. आई वाटेत उभी होती. आता तिला टाचा उंचावता येत नाहीत, म्हणून दाराच्या चौकटीला धरून तिने मान वर केली होती. "हा कर," ती म्हणाली. आणि माझा दादा, ज्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, ज्याच्या भरवशावर लोक आपली पोरं बसमध्ये बसवतात, तो वाकला आणि त्याने हा केला. आईने टॉवेल दिला.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं भांडी विसळत होतो. मी म्हटलं, तू कशाला केलंस? तो म्हणाला, न करून काय, घरीही तेच आहे. तुझी वहिनी तोंडाने बोलत नाही पण बघते. म्हणून तो संध्याकाळी बस डेपोत लावतो, सगळी माणसं गेली की सीटवर बसून राहतो, पंखा तोंडावर घेऊन, लाली ओसरेपर्यंत. मग घरी जातो. "उशीर झाला की ही विचारते, कुठे होतास. मी म्हणतो, बसलो होतो. खरंच बसलेला असतो की गं." त्याने हे गंमत म्हणून सांगितलं. मी नळ बंद केला. कारण दुकानाच्या मागच्या जिन्यावर मीही बसते. काचा पुसायच्या औषधाची गार बाटली आधी या गालाला, मग त्या गालाला लावून, चेहरा दाखवण्यासारखा होईपर्यंत. मला वाटायचं ही माझी एकटीची खोड. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांच्या कारखान्याच्या मागे पाण्याची टाकी होती, चुना मारलेली, कायम ओल धरलेली. दादा लहानपणी तिथे डबा द्यायला जायचा. "त्या भिंतीला गाल लावला की काय गार वाटायचं," तो म्हणाला, आणि त्याने ओला हात स्वतःच्या गालावर ठेवला.

बघितलेलं कुणी नाही, डॉक्टर. साक्षीदार आणा म्हणाल तर माझ्याकडे नाही. पण मी तुम्हाला सांगते काय झालं ते. तुमच्या त्या वाक्यानंतर माझा बाप लाल चेहऱ्याने घरी यायला घाबरायला लागला. म्हणून तो टाकीच्या भिंतीला गाल लावून बसायला लागला. म्हणून त्याला उशीर व्हायला लागला, गालाला चुना लागायला लागला, आणि तो उशीर आणि तो चुना आईने पुरावा म्हणून धरला. निर्दोष दिसावं म्हणून माणूस जे जे करत गेला तेच त्याच्या गळ्यात आलं. आणि त्याला हे कुणाला सांगता येईना, कारण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत की सगळे असंच म्हणतात.

आईला सांगायचं की नाही यावर आमचं दोघांचं जुंपलं. दादा म्हणाला, राहू दे, म्हातारीला कशाला जाळायचं. मी म्हटलं, आणि बाबांना काय तसंच ठेवायचं? मीच सांगितलं. ती उशांचे अभ्रे घडी करत होती. मी रोग सांगितला, नाव सांगितलं, बाबांचे वडीलही असेच लालबुंद दिसायचे हे तिनेच पूर्वी सांगितलेलं तिला आठवून दिलं, मग टाकी सांगितली, चुना सांगितला. तिने अभ्र्याची घडी उकलली आणि पुन्हा घातली. म्हणाली, "माझ्या नाकाला रोज कळत होतं. रोज. मी नाकाचं नाही ऐकलं, डॉक्टरचं ऐकलं." दादा म्हणाला, आई, तुझी काय चूक यात. ती म्हणाली, डॉक्टर एकदा बोलला, हुंगलं मी. त्यानंतर ती आमच्यासाठी दार उघडते आणि लगेच पाठ करून आत निघून जाते. आमच्या तोंडाजवळ येत नाही. ताटात वाढलेलं निम्मं ठेवते. मी तिला किती समजावलं तरी सगळं खापर ती स्वतःच्या डोक्यावर फोडून बसली आहे, सगळं, तुमच्यासाठी तुकडासुद्धा शिल्लक ठेवलेला नाही. मग परवा तिने विचारलं, "त्या डॉक्टरला हे माहीत होतं का गं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती म्हणाली, विचारून ये.

म्हणून मी तुमच्या घरी आले होते. तुमच्या सुनेने दार उघडलं, साखळी न काढता. मी म्हटलं, डॉक्टरांना एकच विचारायचंय, पाच मिनिटं लागणार नाहीत. तिने माझ्या नाकाकडे बघितलं. मी तासभर उन्हातून चालत आले होते, चेहरा काय झाला असेल ते मला न बघता कळत होतं, आणि ती एक पाऊल मागे सरकली तेही कळलं. म्हणाली, ते आता पेशंट बघत नाहीत. मी म्हटलं, मी पेशंट नाही. आतून तुमचा आवाज आला, अजून खणखणीत आहे, "कोण आहे गं?" आणि ती माझ्याकडे बघत मान वळवून म्हणाली, "कुणी नाही, पप्पा." दार लागलं. मी तुमच्या जिन्यात उभी राहिले. सवयीने भिंतीचा गारवा शोधायला लागले होते, ते लक्षात आल्यावर स्वतःचीच चीड आली आणि तशीच लालबुंद रस्त्यावर उतरले.

मी फार शिकलेली नाही. लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचून वाचून आलं. दारात बोलू दिलं नाहीत म्हणून इथे छापून विचारते आहे, आणि तुमच्या सुनेला हे पान लपवता येणार नाही, कारण तुमचे शेजारी वाचतील. मला माफी नको. बाबांना ती पोहोचणार नाही आणि मला तिचं काही करायचं नाही. तुम्ही त्या काळाचं कारण सांगाल, गर्दीचं सांगाल, तेही मला नको. मला एक उत्तर हवं आहे, आणि ते मला देऊ नका, आईला द्या. तिच्या डोक्यावरच्या ओझ्यातलं तुमचं जे असेल ते उतरवून घ्या. तो रोग तुमच्या पुस्तकात होता. ते पान तुम्ही वाचलं होतंत, का नव्हतंत? वाचलं नसेल तर नव्हतं वाचलं म्हणा, आई समजून घेईल, तिलाही पुष्कळ गोष्टी ठाऊक नव्हत्या. आणि वाचलं असेल, बाबा समोर बसलेले असताना ते तुमच्या मनात येऊन गेलं असेल आणि तरी तुम्ही घंटी दाबली असेल, तर तेही तिच्यासमोर बसून सांगा. माहीत होतं की नव्हतं? तिला आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा डाव्या बाजूला बसा आणि मोठ्याने सांगा.